नवतप्यातला ट्रान्झिस्टर

टू एन ३०५५ या ट्रान्झिस्टरची डेटाशीट उघडली की पहिल्याच पानावर तीन आकडे ठळक दिसतात : ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॉट. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९६०च्या दशकात बाजारात आणलेला, धातूच्या टोपीचा हा ट्रान्झिस्टर पुढे जगभर अनेक कंपन्यांनी बनवला. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात जाऊन नुसतं "तीस पंचावन्न द्या" म्हटलं तरी दुकानदार बरोबर तोच काढून देतो. मांडववाल्यांचे अँप्लिफायर, बॅटरी चार्जर, इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतले पॉवर सप्लाय, कुठेही मागचं काळं हीटसिंक पाहिलं की दोन स्क्रूंनी आवळलेला हा ट्रान्झिस्टर दिसायचाच.

त्या ११५ वॉटच्या आसपास बारीक अक्षरांत आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात. पहिली, हा आकडा ट्रान्झिस्टरचं बाहेरचं आवरण, म्हणजे केस, २५ अंश सेल्सिअसवर असतानाचा आहे. दुसरी, केसचं तापमान २५च्या वर जितके अंश जाईल, तितक्या प्रत्येक अंशामागे ०.६५७ वॉट वजा करायचे. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पॉवर सप्लाय आणि चार्जर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी टेस्टिंग विभाग सांभाळते. माझ्या कामाचा मोठा भाग या दोन बारीक ओळींभोवतीच फिरत आला आहे.

डेटाशीटच्या आतल्या पानांत याच दोन ओळींचा आलेख असतो. आडव्या अक्षावर केसचं तापमान, उभ्या अक्षावर वॉट. २५ अंशांपर्यंत सपाट रेघ, आणि तिथून एक सरळ उतार, जो २०० अंशांवर शून्याला टेकतो. २०० अंश ही आतल्या सिलिकॉनच्या जंक्शनची कमाल मर्यादा. केसच जर २०० अंशांवर पोचली, तर आत एक वॉट उष्णता निर्माण करायलाही जागा उरत नाही. केस १०० अंशांवर असेल तर ११५ वॉटचे साधारण ६६ वॉट उरतात. १२५ अंशांवर ४९.

यात कंपनीने कुणाला फसवलेलं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून तुलना करायची तर सगळ्यांनी एकच तापमान धरायला हवं, आणि ते २५ अंश ठरलं आहे. पण ११५ वॉट आत ओतत असताना केस २५ अंशांवर धरून ठेवायची म्हणजे तिच्यावर सतत थंडगार काहीतरी वाहतं ठेवावं लागेल. जंक्शन आणि केस यांच्यामध्ये दर वॉटला १.५२ अंशांचा फरक पडतो. ११५ वॉटला तो १७५ अंश होतो, आणि २५ मिळवले की बरोबर २००. म्हणजे तो ठळक आकडा ट्रान्झिस्टरच्या सहनशक्तीचं शेवटचं टोक आहे, तेही कुठल्याही कारखान्यात किंवा घरात न सापडणाऱ्या परिस्थितीतलं.

आता ही परिस्थिती आमच्याकडे आणून पाहा. आमचा माल चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, अकोला अशा भागांत जातो. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मे महिना उतरताना रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत पारा ४५च्या वर गेला तर आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. हवामान खात्याचा आकडा असतो सावलीतला, पांढऱ्या रंगाच्या, लाकडी झडपांच्या हवेशीर पेटीत मोजलेला. आमचे पॉवर सप्लाय अशा पेटीत बसत नाहीत. ते पत्र्याच्या शेडमध्ये, पत्र्याच्या पॅनेलमध्ये, ट्रान्सफॉर्मर आणि काँटॅक्टरच्या शेजारी बसतात. बाहेर ४५ असताना अशा पॅनेलच्या आत ५८ ते ६० अंश मी स्वतः अनेकदा मोजले आहेत. ट्रान्झिस्टरच्या दृष्टीने 'आजचं तापमान' म्हणजे हे ६०. वर्तमानपत्रातलं ४५ त्याच्या कामाचं नाही.

हे सगळं कागदावर मला आधीपासून माहीत होतं. ते अंगात मुरलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या पंपघरात.

गावाच्या उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाचा नियंत्रण संच दुपारी बंद पडायचा. संच आमचा नव्हता, दुसऱ्याच कुणीतरी बसवलेला होता, पण त्या भागात मी आमच्या चार्जरच्या कामासाठी गेले होते म्हणून ग्रामपंचायतीने बोलावलं. पंपचालक म्हणाला, "मॅडम, दुपारी बारा-एक वाजला की हे बंद पडते अन् दिवस कलला की आपलं आपणच चालू होते. मेकॅनिक येऊन गेले. ते सकाळी येतात, तेव्हा चालूच असते." त्याने सगळं निदान त्या तीन वाक्यांत करून ठेवलं होतं. सकाळी चालू, दुपारी बंद, संध्याकाळी आपोआप चालू. जळालेला भाग आपोआप दुरुस्त होत नाही. तापलेला मात्र थंड होतो.

शेडची पश्चिमेची भिंत पत्र्याची होती आणि पॅनेल त्याच भिंतीवर टांगलेलं होतं. आत १२ व्होल्टचा छोटा सप्लाय होता. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर आणि ७८१२ हा तीन पायांचा रेग्युलेटर, तळहाताच्या निम्म्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला. सप्लायच्या पाटीवर '१२ व्होल्ट, १ अँपिअर' एवढंच. मी थर्मोकपलचं एक टोक रेग्युलेटरच्या धातूच्या टॅबला लावलं, दुसऱ्या थर्मोकपलने पेटीतली हवा मोजायला सुरुवात केली आणि पंपचालकाने दिलेल्या स्टुलावर बसून राहिले. आत येणारं व्होल्टेज २०, बाहेर जाणारं १२, प्रवाह ०.८ अँपिअर. मधले ८ व्होल्ट रेग्युलेटर खात होता, म्हणजे साधारण ६.४ वॉट उष्णता. एवढीशी गोष्ट. 

बारा वाजेपर्यंत आतली हवा ५०च्या पुढे गेली. साडेबाराच्या सुमाराला हवा ५८ आणि टॅब १२८ अंश. टॅबपासून आतल्या चिपपर्यंत दर वॉटला ५ अंश धरले तर चिप १६० अंशांवर होती. तेवढ्यात मल्टिमीटरवरचं १२ व्होल्ट कोसळलं, पुन्हा वर आलं, पुन्हा कोसळलं, आणि पॅनेलमधला रिले कटकट करायला लागला. काँटॅक्टर सुटला. पंप थांबला. ७८१२च्या चिपमध्ये स्वतःचं तापमान ओळखून प्रवाह तोडणारी व्यवस्था कारखान्यातूनच बसवलेली असते. १५०च्या पुढे गेलं की ती चिपला वाचवते, थोडी थंड झाली की परत सोडते. जे चाललं होतं त्याला बिघाड म्हणता येत नव्हतं. रेग्युलेटर स्वतःचा जीव वाचवत होता, आणि त्या वेळात टाकीत पाणी चढत नव्हतं. नवतप्यात, गावाला पाणी सगळ्यात जास्त लागतं त्या वेळात. हापशीवर बायांची रांग मला शेडच्या दारातून दिसत होती.

हिशोब मांडला तर सगळं सरळ होतं. चिप ते टॅब ५, मधला इन्सुलेटर १, ती लहानशी पट्टी १० : दर वॉटला एकूण १६ अंश. ६.४ वॉटला १०२ अंशांची वाढ. सकाळी पेटीत ३४ असताना चिप १३६वर राहणार, सुखरूप. दुपारी ५८ किंवा ६० असताना १६०च्या पुढे जाणार, बंद. आम्ही दोन कामं केली. पट्टी काढून दर वॉटला ४ अंशांचं मोठं हीटसिंक बसवलं, आणि पॅनेल पश्चिमेच्या पत्र्यावरून काढून उत्तरेच्या विटांच्या भिंतीवर नेलं, खाली-वर जाळीची भोकं पाडून. वाढ १०२ची ६४ झाली आणि पेटीतली हवाही उतरली. त्यानंतर त्या उन्हाळ्यात पंप दुपारी थांबला नाही. बदललेल्या हीटसिंकची किंमत ग्रामपंचायतीच्या एका चहापाण्याच्या बिलाएवढी होती.

पाटीवरचा तो '१ अँपिअर' खोटा नव्हता. प्रयोगशाळेत, उघड्या टेबलावर, २५-३० अंशांत तो सप्लाय एक अँपिअर देऊही शकला असता. किती तापमानापर्यंत, हे मात्र कुणी लिहिलेलं नव्हतं. तेवढा एक शब्द नसल्यामुळे त्या पाटीचा अर्थ चंद्रपुरात पोचेपर्यंत बदलून गेला होता.

७८१२ला स्वतःला वाचवता येतं. सुट्या ३०५५ला येत नाही. त्याची मर्यादा ओलांडली की तो शॉर्ट होतो, आणि बहुतेक वेळा आत येणारं सगळं व्होल्टेज पुढच्या उपकरणावर सोडून मग जातो. म्हणून आमच्या कारखान्यात १२ व्होल्ट ३ अँपिअरच्या सप्लायची मोजणी मी नव्या मुलांकडून स्वतः करून घेते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ८ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे २४ वॉट. ट्रान्झिस्टर तर ११५ वॉटचा आहे. चौपटीपेक्षा जास्त आहे की!"

मग आम्ही कागद घेतो. जंक्शन ते केस १.५२. केस आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा वॉशर आणि सिलिकॉन पेस्ट, ०.५. हीटसिंक ते हवा १.५. बेरीज ३.५२. २४ वॉटला ८४ अंशांहून जास्त वाढ. प्रयोगशाळेतल्या २५ अंशांत जंक्शन ११०च्या घरात, हीटसिंकला क्षणभर हात लावता येतो, सगळे खूश. तोच सप्लाय ६० अंशांच्या पॅनेलमध्ये ठेवला की जंक्शन १४४, केस १०८, हीटसिंक ९६. आता विजेचा दाब २३०वरून २६०वर गेला असं धरा. गावाकडे रात्री भार कमी झाला की असं होतंच. पेटीतली हवा रात्रीही फारशी उतरली नसेल तर? आत येणारे २० व्होल्ट २२.६ होतात, ट्रान्झिस्टरवर २४च्या जागी जवळजवळ ३२ वॉट पडतात आणि जंक्शन १७२ अंशांवर जातं. ११५ वॉटचा ट्रान्झिस्टर ३२ वॉटवर धापा टाकतो. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला की पोरं ती चौपट पुन्हा बोलत नाहीत.

जंक्शन २००पर्यंत चालतं तर १७२ला काय हरकत, असाही प्रश्न येतो. चालतं म्हणजे लगेच मरत नाही एवढंच. तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम आहे. रासायनिक क्रिया तापमानाबरोबर किती वेगाने वाढते हे सांगणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांच्या समीकरणातून तो निघाला. प्रत्येक भागाला तो अचूक लागू पडतो असं नाही, पण शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला तो चांगलाच लागू पडतो. शिवाय दिवसा तापणं आणि रात्री निवणं या रोजच्या येरझाऱ्यांत चिपखालचं सोल्डर आणि आतल्या बारीक तारांचे जोड थकत जातात. म्हणून आम्ही कागदावर जंक्शन १५०च्या वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरवून टाकलं आहे. मे महिन्यातही, चढ्या व्होल्टेजलाही.

ते साधायला आम्ही दोन ट्रान्झिस्टर समांतर लावतो. २४ वॉट दोघांत वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला १२. त्याच हीटसिंकवर जंक्शन १४४वरून १२०वर येतं. पण नुसते दोन जोडले तर काम बिघडतं. ट्रान्झिस्टर तापला की बेस-एमिटरमधलं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतं, म्हणजे जो जास्त तापतो तोच जास्त प्रवाह ओढतो, आणखी तापतो, आणखी ओढतो. म्हणून प्रत्येकाच्या एमिटरमध्ये ०.२२ ओहमचा छोटा रेझिस्टर टाकायचा. जो जास्त ओढू लागेल त्याच्यावर तो रेझिस्टर लगाम घालतो. पाच-दहा रुपयांचा भाग, पण तो नसेल तर दोन ट्रान्झिस्टर लावण्याचा अर्थच उरत नाही.

मांडवातल्या अँप्लिफायरमध्येही हाच खेळ असतो. तिथे बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड मोठ्या हीटसिंकला चिकटवलेला असतो, म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापले की तो बायस कमी करतो. दुरुस्तीत कुणाकडून तो परत चिकटवायचा राहिला आणि तसाच लोंबकळत राहिला, तर थंडीच्या लग्नात सगळं ठीक चालतं आणि एप्रिल-मेच्या लग्नात आउटपुट जोडी उडते. असे अँप्लिफायर दर उन्हाळ्यात आमच्याकडे येतात.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फिटिंगची, कारण डिझाइनरने कागदावर राखलेली जागा असेंब्लीच्या टेबलावर एका मिनिटात संपू शकते. आमच्या जुन्या फोरमनना सगळे काका म्हणतात. त्यांची पद्धत मी प्रत्येक नव्या मुलीला उभं करून दाखवते. आधी हीटसिंकच्या भोकांच्या कडा बोटाने तपासायच्या. ड्रिलची बारीक कूस राहिली असेल तर मोठं ड्रिल हाताने फिरवून काढायची, नाहीतर ती अभ्रक फाडते आणि केस हीटसिंकला शॉर्ट होते. मग अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर, इतका पातळ की खालचा अभ्रक दिसत राहावा. जाड थर लावला की तोच उष्णतेला आडवा येतो. पेस्टचं काम धातू आणि अभ्रक यांच्यामधल्या सूक्ष्म फटी भरण्यापुरतं. मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा धरला तर केस एका बाजूने उचलली जाते. शेवटी मल्टिमीटर लावून केस आणि हीटसिंकमध्ये शॉर्ट नाही ना हे पाहायचं. काका पेस्ट लावताना कधी बोलत नाहीत. पेस्ट लावायची राहिली तर दर वॉटला ०.५चा आकडा सहज १.२ होतो. २४ वॉटला १७ अंश जास्त. वरून पाहिलं तर सप्लाय अगदी तसाच दिसतो.

म्हणून आम्ही तपासणी थंडीत, उघड्या टेबलावर करत नाही. काकांनीच प्लायवूडची एक मोठी पेटी बनवली आहे, आतून ग्लासवूल, दोन बल्ब, एक पंखा आणि थर्मोस्टॅट. डिसेंबरातही तिच्यात ६० अंश. प्रत्येक लॉटमधले नमुने तिच्यात पूर्ण लोडवर आख्खी शिफ्ट चालतात आणि केसच्या तापमानाची नोंद रजिस्टरमध्ये होते. पेस्ट कमी पडलेला नमुना दुसऱ्यांपेक्षा दहा-पंधरा अंश वर दिसतो. तो लगेच ओळखू येतो.

उष्णतेची ही मर्यादा ट्रान्झिस्टरच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी बनवलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. पुढची काही वर्षं जर्मेनियमचंच राज्य होतं. पण जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन सुटायला फार कमी ऊर्जा लागते, त्यामुळे तापमान वाढलं की गळतीचा प्रवाह भराभर वाढतो आणि साधारण ७५ ते १०० अंशांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हात टेकतात. १९५४च्या मे महिन्यात ओहायोतल्या डेटन शहरात एका परिषदेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे गॉर्डन टील यांनी रेकॉर्ड प्लेयरच्या अँप्लिफायरमधला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर गरम तेलात बुडवून दाखवला. गाणं बंद पडलं. मग सिलिकॉनचा बुडवला. गाणं चालूच राहिलं. सिलिकॉनचं युग सुरू होण्यात त्या गरम तेलाचा वाटा मोठा आहे. आमच्याकडच्या जुन्या रेडिओतले एसी १२८सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर दुपारच्या उन्हात ठेवल्यावर का चिडचिडे व्हायचे, याचं उत्तर तेच. सिलिकॉनने मर्यादा १५० ते २०० अंशांवर नेली. आता सिलिकॉन कार्बाइडचे भाग ती आणखी वर नेत आहेत. मर्यादा लांब गेली, उतार मात्र प्रत्येकाच्या डेटाशीटमध्ये आहेच.

छोट्या भागांनाही तो चुकलेला नाही. बीसी ५४७ अनेक कंपन्यांच्या पत्रकात ६२५ मिलिवॉटचा असतो, पण २५ अंशांच्या हवेत. पुढे दर अंशाला ५ मिलिवॉट वजा. ६० अंशांच्या पेटीत त्याचे ४५० उरतात. घरगुती इन्व्हर्टरमध्ये सर्रास वापरला जाणारा आयआरएफझेड ४४एन हा मॉसफेट २५ अंशांच्या केसला ४९ अँपिअरचा, १०० अंशांच्या केसला ३५चा. शिवाय तापल्यावर त्याचा स्वतःचा विरोध वाढतो, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला तो आणखी उष्णता तयार करतो. कारखान्यांतल्या मोटारींचे ड्राइव्ह बहुधा ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेचे असतात आणि त्यापुढे अनेक ड्राइव्हच्या पुस्तिकांत दर अंशाला सुमारे १ टक्का कमी करायला सांगितलेलं असतं. आता शेतोशेती सौर कृषिपंप बसत आहेत. त्यांचे कंट्रोलर उघड्या शेतात, लोखंडी खांबावर असतात. तापले की त्यातले अनेक स्वतःहून पंपाचा वेग कमी करतात, आणि शेतकऱ्याला वाटतं मोटार नीट नाही.

इथेच माझ्या मनातली खरी गोष्ट येते. ज्या दिवशी यंत्राकडून सगळ्यात जास्त काम हवं असतं, त्याच दिवशी त्याची क्षमता सगळ्यात कमी असते. पाणी मेमध्ये जास्त लागतं, पंखे मेमध्ये फिरतात, वीज मेमध्ये जाते आणि इन्व्हर्टरवर मेमध्येच भार येतो. आमच्याकडे शेतमजूर मे महिन्यात पहाटे पाचला कामाला लागतो आणि अकराला सावलीत येतो. त्याचं अंग त्याला सांगतं. यंत्राला हे आपण सांगायचं असतं, डिझाइन करतानाच. म्हणून क्षमता वर्षाच्या सरासरीवर मोजून चालत नाही. ती वर्षातल्या सगळ्यात वाईट दुपारी मोजायची असते.

याला खर्च येतो, हे मी नाकारत नाही. मोठं हीटसिंक, दुसरा ट्रान्झिस्टर, जाळीची पेटी यांनी किंमत वाढते. खरेदीला आलेले लोक तीन अँपिअरचे दोन सप्लाय शेजारी ठेवतात आणि विचारतात, "तुमचा महाग का?" आमचे मालक त्यांना पाटी दाखवतात : '३ अँपिअर, ५० अंश सेल्सिअसपर्यंत'. बरेच जण त्या पाटीकडे पाहून पुढे जातात. काही जण थांबतात, आणि ते बहुतेक चंद्रपूर-गडचिरोलीकडचे असतात, ज्यांनी एखादा उन्हाळा बंद पडलेल्या पॅनेलसमोर काढलेला असतो. ते परत येतात आणि दुसऱ्यांनाही पाठवतात. आमचा कारखाना त्या लोकांवर चालतो.

माझं सांगणं तीन लोकांना आहे. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पॉवर ट्रान्झिस्टरची गणितं २५ अंश धरून सोडवायला देऊ नयेत. आपल्या गावातल्या मे महिन्याचा आकडा द्यावा, आणि पेटीसाठी त्यात आणखी १५ मिळवायला सांगावेत. उपकरण बनवणाऱ्यांनी पाटीवर वॉट आणि अँपिअरच्या शेजारी तापमान लिहावं. आणि इन्व्हर्टर, चार्जर, सौर पंप किंवा साधा सप्लाय घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : "हा आकडा किती अंशांपर्यंत?" उत्तर लेखी मिळत नसेल, तर पाटीवरच्या आकड्यातून निम्मा वजा करून मगच ते उपकरण विदर्भाच्या उन्हाळ्यात बसवावं.